येते म्हणायचं

शनिवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी आणि माझी बायको एका शर्टाच्या कॉलरमागची चिठ्ठी उसवत बसलो होतो. दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम.

शर्ट आमच्या मुलीचा. ती अंबडला कंपनीत कामाला आहे, तिथे आठवड्याची सुट्टी रविवारी नसते, शनिवारी असते. तिथूनच तिला नवे दोन शर्ट मिळाले होते. मानेला कंपनीची ती छापील चिठ्ठी लागली की तिला विंचू डसल्यासारखं होतं. म्हणून नवा कपडा आला की आधी चिठ्ठी काढायची. धाग्याचं टोकसुद्धा ठेवायचं नाही. बायको दाढीच्या अर्ध्या ब्लेडने एकेक टाका कापत होती, आणि मी कॉलर ताणून धरली होती.

"नीट धरा ना. सळई नाही ती."

"धरलंय की."

"धरलं नाही, पिळलंय. जन्मभर फळ्या ठोकल्या, कापड कशाला कळेल!"

खरं होतं तिचं. मी चाळीस वर्षं सेंट्रिंगचं काम केलं. स्लॅब टाकायच्या आधी खाली फळ्या नि टेकू उभे करायचे, स्लॅब पक्का झाला की काढून घ्यायचे. माझी बोटं त्याच कामाची. शाळा चौथीपर्यंत. त्यामुळे जे झालं ते जसंच्या तसं लिहितो, सजवता मला येत नाही.

पहिला शर्ट झाला. तिने कॉलरच्या आतून अंगठा फिरवला, मग ती जागा स्वतःच्या गालाला घासून बघितली. काही टोचत नाही म्हटल्यावर घडी घातली.

"दुसरा?"

"दुसरा उद्या. डोळे दुखायला लागले. जरा पडते."

चटईवर भिंतीकडे तोंड करून पडली. मी बाहेर पायरीवर जाऊन बसलो.

आमच्या पोरीचा सुट्टीच्या दिवशीचा चहा चारला. चारला म्हणजे चारलाच. ती पायरीवर आली आणि म्हणाली, "बाबा, आई उठत नाही. चार वाजले."

"झोपू दे जरा."

"चार वाजले."

मी आत गेलो. हाताला हात लावला. ओल्या काँक्रीटला हात लागला की जसा गारवा लागतो तसा हात. चाळीस वर्षांत तो गारवा मला कधी वाईट वाटला नव्हता.

शेजारच्या गल्लीतले डॉक्टर आले, बघून मान हलवली, कागद लिहून दिला. ते गेल्यावर मी पोरीला सांगितलं, "आई गेली."

तिने दाराकडे बघितलं. "चपला इथंच आहेत."

आता हे कळायला थोडं मागचं सांगायला पाहिजे.

आमची पोरगी आता एकतीस वर्षांची आहे. लहानपणी उशिरा बोलायला लागली. डोळ्यात बघायची नाही. रस्त्याने चालताना प्रत्येक खांबाला हात लावायची, एक खांब राहिला तर मागे जाऊन लावून यायची. गावाकडे सगळे येडी म्हणायचे. मीही म्हणायचो. मारलंसुद्धा. एकदा बस सुटली म्हणून खांबापाशीच मारलं. ते आता लिहितो, कारण तेव्हा बायकोशिवाय मला कोणी दोष दिला नव्हता. ती आठ दिवस माझ्याशी बोलली नव्हती.

सातवीनंतर शाळा सुटली. एकविसाव्या वर्षी एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की याला ऑटिझम म्हणतात. मी विचारलं, गोळी कोणती? त्या म्हणाल्या, गोळी नाही, हा आजार नाही, तिचं डोकं असंच आहे. बायकोने विचारलं, मग आम्ही काय करायचं? त्या म्हणाल्या, "तिच्याशी सरळ बोला. एका शब्दाचा एकच अर्थ ठेवा. आणि बोललात तसं वागा."

बायकोने ते मंत्रासारखं धरलं. माझी मात्र पंचाईत. आपण दिवसभर जे बोलतो त्यात खरं किती असतं? "आत्ता आलो" म्हणायचं आणि तासाने यायचं. "बघू" म्हणायचं आणि बघायचंच नाही. पोरगी म्हणायची, "काय बघू?" आणि मी चिडायचो.

सगळ्यात मोठं भांडण एका शब्दाचं. आपल्यात घरातून निघताना जातो म्हणत नाहीत, येतो म्हणतात. मी कामावर निघताना "येतो" म्हणायचो आणि लहानपणी ही दारात उभी राहायची ती राहायचीच. येतो म्हणाले, म्हणजे येणार. कधी ते सांगितलं नाही, म्हणजे आत्ता. मी अंधार पडल्यावर यायचो. बायकोने त्यावर तोड काढली. येते म्हणायचं, पण त्याला वेळ जोडायची, आणि त्या वेळेला यायचंच. "येते. साडेअकराला." भाजी आणायला गेली तरी साडेअकराला दारात. एकदा पाच मिनिटं उरली म्हणून कोपऱ्यावर उभी राहिलेली मी स्वतः बघितली आहे. मी हसलो तर म्हणाली, "हसा. तिचं घड्याळ मी आहे."

कामाचं म्हणाल तर पहिलं काम माझ्या आक्काने दिलं. ही माझी थोरली बहीण, निफाडकडे असते. द्राक्षाच्या दिवसांत तिच्याकडे बायका पेट्या भरायला असतात, त्यात हिला बसवलं. दुसऱ्या दिवशी आक्काच तिला घेऊन परत आली.

"घे बाबा तुझी लेक. दिवसभरात दोन पेट्या भरल्या. एक मणी बारका दिसला की आख्खा घड बाजूला ठेवती. आन बायका गायला लागल्या तर कानावर हात ठेवून जी आरडली! लय झालं."

मी बायकोला म्हणालो, हिला कामावर ठेवून कोण काय लोणचं घालणार आहे? बायको माझ्या खिळ्यांच्या डब्यांकडे बघत होती.

फळ्या काढल्या की त्यातले जुने खिळे मी घरी आणायचो. वाकडे, गंजके, सगळे एकत्र. पोरगी ते लहानपणापासून निवडायची. दोन इंची एका डब्यात, अडीच इंची दुसऱ्यात, तीन इंची तिसऱ्यात. केसभर वाकलेला असला तरी बाजूला. ना पट्टी, ना काही, नुसता डोळा. मला तो तिचा खेळ वाटायचा. वीस वर्षं डोळ्यासमोर होतं आणि मला दिसलं नाही. बायकोला दिसलं.

तिने पिशवीत न निवडलेल्या खिळ्यांचा डबा टाकला, पोरीला बरोबर घेतलं आणि अंबडच्या कंपन्यांच्या दारोदार फिरायला लागली. मी गेलो नाही. लाज वाटायची मला, पोरगी खांबाला हात लावत चालते त्याची. दीड महिना फिरली ती. बहुतेक ठिकाणी वॉचमननेच परत पाठवलं. शेवटी वायसर बनवणारी एक छोटी कंपनी भेटली. वायसर म्हणजे नट-बोल्टाखाली घालतात ती चकती. तिथल्या तपासणीवरच्या मॅडमनी दोघींना आत घेतलं. पुढचं बायकोने मला इतक्या वेळा सांगितलं आहे की मी तिथे होतो असंच वाटतं.

मॅडमनी विचारलं, "काय गं, काम येतं का तुला?"

पोरगी म्हणाली, "काम येत नाही. मी आले."

मॅडमनी दोन क्षण बघितलं आणि हसत सुटल्या. "बरोबर आहे बाई. काम कुठे येतं? आपल्यालाच यावं लागतं."

मग बायकोने खिळ्यांचा डबा टेबलावर ओतला. बोलणं तिथेच संपलं आणि निवडणं सुरू झालं.

सोपं काही नव्हतं. भोंगा वाजला की पोरगी टेबलाखाली जाऊन बसायची. मग ठरलं, भोंग्याच्या दहा मिनिटं आधी तिने आतल्या खोलीत जायचं, कानात कापूस घालायचा. तिचं स्टूल कोणी हलवलं तर ती उभीच राहायची, म्हणून स्टुलाखाली फरशीवर रंगाच्या खुणा केल्या. शेजारच्या बायका टोमणे मारायच्या, "आल्या बघा कलेक्टरीणबाई." पोरगी सांगायची, "मी कलेक्टर नाही. मी तपासणी." टोमणा तिला लागतच नाही, तो मारणाऱ्यालाच परत लागतो.

एकदा घाईचा माल होता. गाडी दारात उभी. मॅडम म्हणाल्या, "जाऊ दे तो खोका, थोडं इकडेतिकडे चालतं." पोरगी म्हणाली, "यातले खराब आहेत. चालत नाहीत." आणि खोक्यावर हात ठेवून बसली. मालक आले, ओरडले, तरी हात काढेना. शेवटी तो एक खोका ठेवून बाकीचा, तिने न तपासलेला माल गेला. पंधरा दिवसांनी त्या बाकीच्यातला बराच माल परत आला. तेव्हापासून मालक म्हणतात, हिच्या टेबलावरून गेलेलं परत येत नाही. सहा वर्षं झाली तिला. आता नवीन बाई कामावर आली की शिकायला हिच्याशेजारी बसवतात. शिकवणं म्हणजे काय, ही नुसतं म्हणते, "हा नाही. हा पण नाही."

घरी मलाही सोडत नव्हती. मी काही फेकलं की म्हणायची, "बाबा, रिजेक्ट." आणि तिची आई पदर तोंडाला लावून हसायची.

सहा वर्षं तिची आई तिला रोज घेऊन जायची नि घेऊन यायची. सकाळी फाटकाशी सोडताना म्हणायची, "येते. पावणेपाचला." त्यावर पोरगी आत जायची. दोन वर्षांपूर्वी बायकोला डेंगू झाला, नऊ दिवस दवाखान्यात होती, तेव्हा पोरगी घरी राहिली. मी घेऊन जातो म्हणालो नाही, आणि कोणी मला म्हटलंही नाही. दहाव्या दिवशी पोरगी शर्ट घालेना. रोजची रीत एकदा मोडली ती मोडली. पुन्हा फाटकातून आत जायला तिला दोन महिने लागले. रोज तिथपर्यंत जायचं आणि परत यायचं. मॅडमनी स्टूल रिकामं ठेवलं, पण सांगितलं, "मावशी, या वेळी मी सांभाळून घेतलं. पुन्हा एवढा खाडा झाला तर मालक ऐकायचे नाहीत."

त्या दिवशी बायको घरी येऊन मला म्हणाली, "काही झालं तरी हिची ड्युटी चुकवायची नाही. मी मेले तरी."

मी म्हणालो, "मरतेस कशाला? चहा टाक."

असं बोललो होतो मी.

तर शनिवारी चार वाजता पोरगी म्हणाली, चपला इथंच आहेत. साडेपाचला निफाडहून आक्का आणि मंडळी आली. आक्काने तिला जवळ घेतलं, पोरगी अंग चोरून बाजूला झाली. आक्का म्हणाली, "बाळा, आई देवाघरी गेली गं."

पोरगी म्हणाली, "आई जरा पडते म्हणाली. येते म्हणाली नाही." मग थोडं थांबून माझ्याकडे वळली. "येते म्हणाली नाही म्हणजे येणार नाही का?"

घरात चाळीस माणसं. मी म्हणालो, "नाही येणार. मेली आई."

आक्का अंगावर आली. "जीभ झडंल तुझी! लेकीला असं सांगत्यात?"

"तिला दुसरा शब्द कळत नाही, आक्का."

पोरीने मान डोलावली. घड्याळाकडे बघितलं आणि स्वयंपाकघरात जाऊन आईच्या पाटावर बसली. रडली नाही. बायका कुजबुजत होत्या, पोरीच्या डोळ्यात टिपूस नाही. त्यांना काय सांगायचं?

मुलगा नाही, अग्नी मीच दिला. अमरधामहून आलो तेव्हा दिवे लागले होते. माणसं उठून जायला लागली. मयताच्या घरून निघताना कोणी येतो म्हणत नाही, गुपचूप उठायचं आणि चालायला लागायचं. ही रीत आहे, आपल्याला त्यात काही वाटत नाही. पोरगी दारात जाऊन उभी राहिली. पहिला माणूस काही न बोलता गेला. दुसरा गेला. तिसऱ्याला तिने अडवलं.

"येतो म्हणा."

तो बिचारा माझ्याकडे बघायला लागला.

"येतो म्हणा ना."

आक्का धावली. "अगं, आज नसतं म्हणायचं. मयताच्या घरात येतो म्हणत न्हाईत."

पोरगी म्हणाली, "मग हे पण मेले का?"

माणसं खाली मान घालून तिच्या बाजूने निघून गेली. ती प्रत्येकाला म्हणत राहिली. एकही माणूस बोलला नाही. शेवटचा गेल्यावर ती दारातच बसून राहिली, बोटं एकमेकांवर घासत. सगळी माणसं न सांगता गेल्यावर तिला काय वाटलं असेल ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मला तेच वाटत होतं.

सकाळी साडेपाचला जाग आली तर तिच्या खोलीत दिवा. मी बघितलं, ती निळा शर्ट घालून बसली होती. चिठ्ठी काढलेला, आईने घडी घातलेला. गळ्यात फोटोचं कार्ड. डबा मांडीवर, रिकामा.

"सात वाजता निघायचं," ती म्हणाली.

मी गॅस पेटवला. आक्काने ते बघितलं आणि कपाळावर हात मारला.

"सुतकात चूल पेटवतो? शेजारून भाकरी येणार हाय ना!"

"तिला कोरडी बटाट्याची भाजी लागते. दुसरं खात नाही."

"आन चालली कुठं ती?"

"कामाला."

"आईची राख गरम हाय अजून! लोक शेण घालतील तोंडात. तेरा दिवस घरी बसली तर काय आभाळ कोसळंल का?"

"कोसळेल," मी म्हणालो. "स्लॅब कच्चा असताना टेकू काढला तर काय होतं ते मी बघितलंय, आक्का. तेरा दिवसांनी ती जाणार नाही. कधीच जाणार नाही. मग तू ठेवून घेशील का द्राक्षाच्या पेट्यांवर?"

कोपऱ्यात बायकोच्या नावाचा दिवा तेवत होता, आक्का त्यात तेल घालायला गेली. "जा," पाठमोरीच म्हणाली. "दिव्याकडं मी बघते."

बटाटे जाड कापले गेले, खाली लागले. पोरीने डबा उघडून बघितला. "हे रिजेक्ट." पण झाकण लावलं आणि पिशवीत ठेवला.

निघताना दुसरा शर्ट मी पिशवीत टाकला. बायकोच्या उशापाशी ब्लेड कागदात गुंडाळून ठेवलेलं होतं, तेही घेतलं.

रस्ता मला माहीत नव्हता. सहा वर्षांत एकदा गेलो नव्हतो. ती पुढे, मी मागे. खांबाला हात लावत चालली होती, आणि प्रत्येक खांबापाशी मी थांबत होतो. त्रिमूर्ती चौकात रिक्षावाल्याने ओळखीने कडेची जागा दिली. म्हणाला, "आज मावशी नाय आल्या?"

"आई मेली," पोरगी म्हणाली. "काल."

त्याने आरशातून माझ्याकडे बघितलं आणि चालू गाणं बंद केलं. उतरल्यावर मी उजवीकडे वळलो. "डावीकडे," ती म्हणाली.

फाटकाशी आलो तेव्हा भोंग्याला बारा मिनिटं होती. ती थांबली. मी म्हणालो, "जा." ती हलली नाही.

"जा ना आत. भोंगा होईल."

ती माझ्या शर्टाच्या बटनाकडे बघत उभी. आत वॉचमन होता, तो हळूच म्हणाला, "बाबा, मावशी काहीतरी म्हणायच्या रोज."

मला माहीत होतं काय म्हणायच्या. पण तो शब्द तिचा होता. काल सबंध गावाने जो तोंडातून काढला नाही, तो मी, अग्नी दिलेला माणूस, कसा काढू? आणि मी एकाहत्तर वर्षांचा. या शब्दाची हमी मी किती दिवस देणार? एक दिवस मीही जरा पडेन.

भोंग्याला अकरा मिनिटं.

"येतो," मी म्हणालो.

"किती वाजता?"

"पावणेपाचला."

ती आत गेली. वळून बघितलं नाही. ती कधीच बघत नाही, असं वॉचमन म्हणाला.

घरी जाऊन परत यायचं माझ्या गुडघ्यांना जमलं असतं, पण मी गेलो नाही. फाटकासमोर कडुनिंब आहे, त्याखाली दगडावर बसलो. पिशवीतून दुसरा शर्ट काढला. धरायला कोणी नव्हतं. कॉलर गुडघ्यात दाबली, ब्लेड हातात घेतलं आणि पहिला टाका कापला. दुसरा कापताना कापड जरा फाटलं. मग हळू केलं. बरेच टाके होते. सगळे काढले, धाग्याची टोकं नखाने उपटली, आणि कॉलरची आतली बाजू गालाला घासून बघितली. एका जागी टोचलं. तिथं पुन्हा ब्लेड घातलं.